उत्तरेकडची शेवटची बेटं

बरकतपुरा, हैदराबाद (दक्षिण)
रविवार, १४ डिसेंबर १९४७

चि. श्रीनिवास यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझे हिम्मतमामा घेऊन येत आहेत. कापसाच्या कामाला ते सोलापूरला निघालेत. पाकीट डिंकानं चिकटवून त्यावर कुसुमच्या वेणीतला एक केस आडवा लावला आहे. केस जागेवर नसेल तर मामांना एक अक्षर न बोलता मला कळव. माणूस तुझ्या आईचा सख्खा भाऊ आहे, म्हणून तर जास्त जपायला हवं.

तू सोलापुरात सत्याग्रहींच्या छावणीत आहेस एवढं मामांनी सांगितलं. याहून जास्त मला सांगू नकोस. हद्दीपलीकडे दिल्लीचं राज्य आलं, इकडे अजून निजाम सरकार आहे, आणि मी त्याच सरकारच्या शाळेत सव्वीस वर्षं भूगोल, सरकारी भाषेत जुग्राफिया, शिकवतो आहे. ज्याला काही माहीतच नाही, त्याला कितीही विचारलं तरी काय मिळणार?

घरी ठीक आहे. कुसुम कॉलेजला जाते, पण सोडायला आणि आणायला मी असल्याशिवाय तिनं कोपऱ्यापुढे पाऊल टाकायचं नाही असा नियम केला आहे. दूधवाला बदलला. आधीचा फार वेळ दाराशी रेंगाळायचा. नवा अजिबात रेंगाळत नाही, तेही मला बरं वाटत नाही. तुझी आई माझ्याशी मोजकं बोलते. 'जेवायला वाढलंय' आणि 'भाजी संपली' याखेरीज चार महिन्यांत तिच्या तोंडून मी तिसरं वाक्य ऐकलं नाही.

ऑगस्टात पोलीस आले तेव्हा दारात मी जे बोललो ते तू मागच्या पडवीतून ऐकलंस, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल या पत्रात नको.

मुद्द्याचं लिहितो. दर रविवारी जेवणानंतर भिंतीवरचा विलायतेचा नकाशा खाली काढून आपण तिघं बसायचो. मी तीन प्रश्न विचारायचो, तुम्ही दोघं मला तीन विचारायचात, आणि हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला विडा लावून द्यायचा. तू गेल्यापासून नकाशा गुंडाळूनच आहे. कुसुम एकटी खेळायला बसत नाही. म्हणते, "आबा, दोघांत कसला डाव?"

तेव्हा मी असं ठरवलं आहे की डाव टपालानं चालू ठेवायचा. पत्रं उघडली जातात हे सर्वांना माहीत आहे. बापानं लेकाला लिहिलेलं पत्र वाचून नसत्या गोष्टी निघतील, पण विलायतेच्या नद्या-डोंगरांत कुणाला काय सापडणार? टपालाच्या पत्रात मी तुला 'विद्यार्थी' म्हणेन आणि तू मला 'गुरुजी' म्हण. मजकूर फक्त प्रश्न आणि उत्तरं. तू उत्तरं पाठवलीस की तू धड आहेस हे आम्हाला कळेल, आणि तुझ्या आईला मी ती वाचून दाखवीन.

पहिली फेरी: सेव्हर्न नदी समुद्राला कुठे मिळते? एडिंबराचा किल्ला कसल्या टेकडीवर आहे? स्टोनहेंजच्या शिळा कोणत्या मैदानावर उभ्या आहेत?

लोकरीची बंडी मामांबरोबर पाठवली आहे. आईनं पाठवली आहे असं समज.

आबा

*

बरकतपुरा
रविवार, ११ जानेवारी १९४८

प्रिय विद्यार्थ्यास आशीर्वाद.

तुझी उत्तरं पोचली, प्रश्नांसकट लिहिलेली. ब्रिस्टलची खाडी, विझलेला ज्वालामुखी, सॉल्झबरीचं मैदान. तिन्ही बरोबर. तिसऱ्या उत्तरापुढे 'गुरुजी, यापेक्षा अवघड विचारा, इथे वेळ भरपूर आहे' असं लिहिलं आहेस. परीक्षार्थ्यानं परीक्षकाला असं लिहू नये.

पाकीट माझ्या हाती आलं तेव्हा डिंक पिवळा होता. आधी नुसती पोच कळवलीस त्या पत्राचा डिंक पांढरा होता. सोलापुरात दोन प्रकारचा डिंक मिळतो की काय, ते पुढच्या खेपेला लिही. कागदावर एका कोपऱ्यात पेन्सिलीनं तीन बारीक खुणा होत्या, बरोबरच्या खुणेसारख्या. त्या तू केल्या नसशील तर कुणी केल्या?

तुझा प्रश्न: लँड्स एंडच्या पुढे काय आहे? उत्तर: सिलीची बेटं आणि मग अमेरिकेपर्यंत पाणी. हा प्रश्न तू मला का विचारलास याचा मी तीन दिवस विचार केला. जमीन संपते त्या टोकाशी मी उभा आहे असं सुचवायचं असेल तर सरळ लिहावं. नुसता भूगोलाचाच प्रश्न असेल तर राग मानू नये. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

उत्तरं मी मोठ्यानं वाचली. घरातल्या एक बाई चुलीपुढून म्हणाल्या, "अक्षर बारीक झालंय. जेवत नसेल धड." एवढं मोठं वाक्य पाच महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं, म्हणून कळवलं.

तुझे गुरुजी

*

बरकतपुरा
रविवार, २९ फेब्रुवारी १९४८

चि. श्रीनिवास यास आशीर्वाद.

हे पत्र पुन्हा हिम्मतमामांबरोबर देतो आहे. ते म्हणतात, आता रस्ता दिवसेंदिवस बिघडतो आहे, ही शेवटची खेप असेल. केस लावलेला आहे. गेल्या वेळी तो जागेवर होता असं तू कळवलंस, पण मामांनी बदलून दुसरा लावला नसेल कशावरून?

मंगळवारी मला बोलावणं आलं. शाळेत शिपाई आला आणि सगळ्या मास्तरांदेखत म्हणाला, "केशवराव साब, टपाल की जाँच में बुलाए." मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. मी छत्री घेतली आणि निघालो. कोठी भागातल्या त्या कचेरीपर्यंत पायी गेलो, कारण टांगेवाला फारच तत्परतेनं थांबला होता.

आत टेबलाशी कोण बसलं होतं सांगू? वाजिद अली. आपल्या शाळेचा, तुझ्यापुढे सहा वर्षं, नकाशे सुरेख काढायचा तो. मला पाहून उभाच राहिला.

"सर, आप बैठो. मेरेकू शरम आ री, मगर नौकरी है."

त्याच्यापुढे तुझ्या-माझ्या पत्रांच्या नकला होत्या, नीट टाचणी लावलेल्या.

"ऊपर के साब बोल रै, नदी का मुँह कायकू पूछे? किल्ला कौनसी टेकड़ी पे है, ये कायकू पूछे? बोल रै, ये फौजी बाताँ हैं."

"आणि तू काय म्हणालास?"

"मैं बोला, नक्को साब, ये हमारे सर हैं. इनकू इत्ताच आता."

यावर मी राग मानायचा की आभार, ते मला अजून कळलेलं नाही. निघताना मात्र तो दारापर्यंत आला आणि खाली बघून हळूच बोलला. "सर, ये विद्यार्थी कौन है मैं पूछता नै. मगर एक बात सुनो. आजकल दुसऱ्याँ के नाम से चिट्ठ्याँ आ रै. घर की औरताँ-बच्च्याँ को बुला ले रै. कोई आदमी आया तो जल्दी भरोसा नक्को करो."

हे तो माझ्या भल्यासाठी बोलला की मला हद्दीपार जायचं सुचतंय का ते चाचपण्यासाठी बोलला? येताना सबंध वाट तेच घोळवत आलो. घरी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईनं विचारलं, "उशीर?" मी म्हणालो, "वह्या तपासत होतो."

तर जपून राहा. ही फेरी मुद्दाम सोपी ठेवतो, उगाच कुणाला त्यात गूढ दिसायला नको. बेन नेव्हिसची उंची किती? रोमन लोकांनी बांधलेली हेड्रियनची भिंत कुठून कुठपर्यंत जाते? आणि ब्रिटनच्या उत्तरेकडची शेवटची बेटं कुठली? हा शेवटचा तर तू आठ वर्षांचा असताना ताटातून मान वर न करता सांगायचास.

आबा

*

बरकतपुरा
रविवार, २३ मे १९४८

चि. श्रीनिवास यास.

हे पत्र पाठवायला माणूस नाही आणि टपालावर भरवसा नाही. लिहून नकाशाच्या पोकळ दांड्यात ठेवणार आहे. तू जिथे असशील तिथे नीट आहेस असं धरून लिहितो. नीट नसशील तर हे कुणाला लिहितो आहे ते मला माहीत नाही.

गुरुवारी भर दुपारी एक माणूस दाराशी आला. तिशीचा, मिशा राखलेल्या, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. नाव गोविंद म्हणाला. सोलापूरच्या गिरणीत मागावर काम करतो आणि तुझ्याच छावणीत असतो, असं त्याचं म्हणणं. टोपीच्या घडीतून त्यानं एक कागद काढून दिला. वर माझ्या फेरीची तीन उत्तरं, खाली एक ओळ: 'आईला आणि कुसुमला गोविंदाबरोबर उद्याच्या गाडीनं पाठवा.' अक्षर तुझं नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?"

"त्यो बोलला, म्या लिवलं."

"त्यानं स्वतः का नाही लिहिलं?"

"हाताला बरं न्हाई."

"कुठल्या हाताला?"

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. "दोन्ही," म्हणाला.

"बरं, यांना कशाला बोलावलंय?"

"त्ये सांगायचं न्हाई असं ठरलंय, मास्तर."

"कुणाचं ठरलंय?"

"त्याचंच."

आता तूच सांग, मी काय समजायचं? वाजिदचे शब्द माझ्या कानात होतेच. मी कागद घेऊन खिडकीशी गेलो आणि जन्माच्या सवयीनं उत्तरं तपासली. बेन नेव्हिस चार हजार चारशे सहा फूट, बरोबर. भिंत टाइन नदीपासून सॉल्वेच्या खाडीपर्यंत, बरोबर. उत्तरेकडची शेवटची बेटं: शेटलंड.

शेटलंड! श्रीनिवास, ती ओळ मी पुन्हा वाचली. नकाशात शेटलंड कुठे आहे ते या घरातल्या मांजरालाही माहीत आहे. स्कॉटलंडच्या पूर्वेला, अबर्डीनच्या समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. उत्तरेकडची शेवटची बेटं ऑर्कनी. तू चौदा वर्षं दर रविवारी 'ऑर्कनी' म्हणत आला आहेस. तू हे चुकणं शक्य नाही. बाकीची दोन उत्तरं कुठल्याही पुस्तकात मिळतील. घरच्या माणसालाच येणाऱ्या सोप्या प्रश्नावर तो तोतया उघडा पडला.

मी परत येऊन विचारलं, "हे शेटलंड कुठे आहे, माहीत आहे?"

"मला काय म्हाईत? आमच्या पेठंत तर न्हाई," तो म्हणाला. मग हात जोडून म्हणाला, "मास्तर, येळ घालवू नका. पाठवा त्यांना."

घाई करतो तो खोटा, हे मी वर्गात रोज बघतो. मी म्हणालो, "या नावाचं इथे कुणी राहत नाही," आणि दार लावून घेतलं.

वळून पाहतो तर तुझी आई उभी. मी कागद वाचत होतो तेवढ्या वेळात तिनं पत्र्याची पेटी भरून दाराशी आणून ठेवली होती. माझ्याकडे न बघता तिनं दार उघडलं आणि अनवाणी गल्लीत धावली. कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. तो गेला होता.

"त्याचा माणूस होता तो," ती म्हणाली.

"तोतया होता. उत्तर चुकलं त्याचं."

"तुम्ही लेकराला ओळखायलात का नकाशाला?"

यावर मी शेटलंड समजावून सांगू लागलो. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कोठीत वाजिद भेटला. मी बाकी ताकास तूर लागू दिली नाही, फक्त वर्गात विचारावं तसं विचारलं, "वाजिद, ब्रिटनच्या उत्तरेकडची शेवटची बेटं?" रस्त्यातच ताठ उभा राहून तो म्हणाला, "आर्कनी, सर." मी म्हणालो, "शाबास." म्हणजे माझं चुकलेलं नाही.

पेटी मात्र अजून दाराशी भरलेली आहे. मी येता-जाता तिला ठेचकाळतो. उचलून ठेव असं सांगायचं धाडस होत नाही.

आता पत्र पाठवायचंच नाही तर एक गोष्ट लिहून टाकतो. ऑगस्टात कॉलेजच्या गच्चीवर तुम्ही झेंडा लावलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर दारात उभा राहिला. म्हणाला, "श्रीनिवास आपका लड़का है ना?" मी म्हणालो, "नाही. भाडेकरू होता. खोली सोडून गेला." मला नोकरीची भीती वाटली. कुसुमची भीती वाटली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फक्त माझी भीती वाटली. मागच्या पडवीत तुझ्या हातातला तांब्या खाली पडला, तो आवाज इन्स्पेक्टरनंही ऐकला. मी म्हणालो, "मांजर असेल."

गुरुवारी पुन्हा त्याच दारात मी म्हणालो की या नावाचं इथे कुणी राहत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्या दारात उभा राहिलो की आता प्रत्येक माणूस मला इन्स्पेक्टरच वाटतो.

तो तोतयाच होता. असलाच पाहिजे. नसला तर मी काय केलं?

आबा

*

बरकतपुरा
रविवार, ३ ऑक्टोबर १९४८

चि. श्रीनिवास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

दिल्लीच्या फौजा आल्या, पाच दिवसांत सगळं उरकलं, आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्याच आठवड्यात तुझी आई कुसुमला आणि हिम्मतमामांना घेऊन निघाली. पेटी भरायला वेळ लागला नाही. ती मेपासून भरलेलीच होती. मी विचारलं, "मी येऊ?" ती म्हणाली, "आधी बघून येते, कुणी आहे का तिथं." ते वाक्य घेऊन मी दहा दिवस या घरात एकटा राहिलो. भात तीनदा करपला.

काल तिचं पत्र आलं. कुसुमनं लिहून घेतलं आहे, पण बोलणं सगळं तिचंच. तू आहेस. ही ओळ वाचल्यावर मी खाली बसलो आणि पुढचं बऱ्याच वेळानं वाचलं.

विषमज्वर. एक्केचाळीस दिवस. हाताला पेन्सिल धरवत नव्हती म्हणून गोविंदाकडून लिहवून घेतलंस. आजाराचं कळलं तर आई वाटेतच जीव टाकेल, म्हणून सांगू नकोस असं त्याला बजावलंस. दोन्ही हातांना बरं नाही, हे तो खरंच बोलला होता. तो इतका खरा बोलला की मला खोटा वाटला. परत जाऊन त्यानं तुला काय सांगितलं, तेही आईनं लिहिलं आहे: 'मास्तर घरी न्हाईत म्हनाला.' माझी लाज त्यानं झाकली. ज्याला मी दारातून घालवलं, त्यानंच रात्री तुझ्या डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, कारण ठेवायला तुझी आई नव्हती. ती तिथे का नव्हती, ते तुला आता कळलेलं असणार. डाव्या कानानं तुला ऐकू येत नाही, हेही तिनं लिहिलं आहे.

पुढे लिहिते, मी श्रीनिवासला विचारलं, बाबा, सगळं बरोबर लिहून शेवटचं चुकीचं का लिहिलंस, त्या एका उत्तरापायी यांनी दार लावलं. तर तू हसलास म्हणे. म्हणालास, "आई, ते चुकीचं नव्हतं. अकरा वर्षांचा होतो तेव्हा कोठीत पुस्तकांच्या दुकानात पृथ्वीचा गोल बघितला होता. शेटलंड ऑर्कनीच्याही वर आहे. धावत घरी सांगायला आलो, तर आबा पाहुण्यांना नकाशा दाखवत होते. इतके खुशीत होते की नाही सांगितलं. मग दर रविवारी ऑर्कनीच म्हणत गेलो. या वेळी तापात डोकं चाललं नाही. खरं होतं ते बोलून गेलो."

मी आज सकाळी त्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "क्या होना, मास्टरसाब?" मी म्हणालो, "काही नको, नुसतं बघायचंय." गोल फिरवला. विलायत तर्जनीएवढी. तिच्या डोक्यावर ऑर्कनी, आणि तिथून आणखी वर, भर पाण्यात, एकटं शेटलंड.

मग मला ते आठवलं. १९२१ साली शाळेच्या साहेब मुख्याध्यापकांकडून एका रात्रीच्या बोलीनं अ‍ॅटलास आणला होता आणि मांजरपाटावर तो नकाशा उतरवला होता. त्या अ‍ॅटलासात शेटलंडभोवती एक चौकट होती. कागद वर संपला होता, बेटांना जागा नव्हती, म्हणून छापणाऱ्यानं त्यांना खाली आणून अबर्डीनसमोरच्या रिकाम्या समुद्रात चौकटीत बसवलं होतं. चौकटीचा अर्थ इतकाच, की हे इथे नाही, दूर आहे, सोयीसाठी इथे दाखवलं आहे. मला त्या चार रेघा कापडावर ओंगळ दिसल्या. मी बेटं घेतली आणि चौकट सोडून दिली. पेपर काढणारा मी, तपासणारा मी. सत्तावीस वर्षं शेकडो मुलांनी शेटलंड अबर्डीनसमोर काढलं आणि मी त्यांना पुरे गुण दिले.

तुझ्याबाबतीतही तेच केलं. तू दूर गेला होतास, कायमचा गेला असतास तरी नवल नव्हतं, आणि मी टपालाच्या प्रश्नांत तुला हाताशी बसवून ठेवलं होतं, जसा काही तू अजून ताटावरच बसला आहेस. तू तिकडे तापानं फणफणत होतास आणि मी इथे तुझं उत्तर तपासत होतो. मला याचं फार, फार वाईट वाटतं.

परतताना वाजिदकडे गेलो. त्याची नोकरी गेली आहे आणि तो घराबाहेर पडत नाही. दार वाजवल्यावर बऱ्याच वेळानं आतून घाबरा आवाज आला, "कौन?" मी म्हणालो, "केशवराव मास्तर. एक उत्तर दुरुस्त करायला आलोय." दार उघडलं. मी सगळं सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. "सर, सारी उम्र मैं आर्कनी बोला!" मग उठून त्यानं एक वही आणली. तुझी-माझी पत्रं पुढे पाठवण्याआधी तो आपले प्रश्न आधी स्वतः सोडवायचा. त्या पेन्सिलीच्या खुणा त्याच्याच. वर साहेबाला त्यानं दर वेळी लिहून दिलं होतं की मजकूर शालेय आहे, जाऊ द्यावा. तो माझ्या भल्यासाठीच बोलला होता. ऑर्कनी म्हणाला तेही माझ्याइतक्याच चुकीच्या नकाशावरून, तो नकाशाही मीच दिलेला. हिम्मतमामांच्या केसाबद्दल तर मी आता बोलतच नाही.

उद्या वर्गात फळ्यावर खरी चौकट काढून दाखवणार आहे. पोरं हसतील. हसू देत.

आता डावाचं. त्या फेरीत तुझी तिन्ही उत्तरं बरोबर होती, पाच महिने मी निकाल अडवून ठेवला. जिंकलास तू आणि हरलो मी. हरणाऱ्यानं विडा लावून द्यायचा हा नियम मीच केला आहे. खरं तर अकरा वर्षांचे विडे मी तुला देणं लागतो, कारण त्या सगळ्या रविवारी खरं उत्तर ठाऊक असून तू माझंच चुकीचं उत्तर राखत होतास.

विडा टपालानं जात नाही. म्हणून येत्या शनिवारच्या गाडीनं मी निघतो. वाडी जंक्शनच्या पुढे मी आजवर कधी गेलेलो नाही. भीमेवरचा पूल मी मुलांना नकाशात दाखवतो, या वेळी तो ओलांडेन. पाकिटाला केस लावलेला नाही. मे महिन्यातलं न पाठवलेलं पत्र यातच घातलं आहे, ते आधी वाच. ते वाचूनही मी यायला नको असं वाटलं तर आईकडून एका ओळीत कळव, मी तिकीट परत करीन.

तसं कळलं नाही तर रविवारी सकाळी तुझ्या दाराशी असेन. उजव्या कानाला ऐकू जाईल असं दार जोरानं वाजवीन. तू लगेच उघडू नकोस. आतून विचार, कोण आहे, कुणाचा कोण. मागे एकदा हाच प्रश्न मला दारात विचारला होता आणि मी चुकीचं उत्तर दिलं होतं.

या वेळी मला येतं. श्रीनिवासचा बाप.

तपासून बघ, आणि मग दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

तुझा
आबा